टापू दोन

तळव्याच्या वरच्या रेघेपासून मधल्या पेरापर्यंत
बोटाचा जो भाग, त्याला आमच्या पुस्तकात टापू दोन म्हणतात.
जुने सर्जन म्हणायचे, ही कुणाच्याच मालकीची जमीन नाही,
इथे कापलं तर टाका घालू नका.
दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात,
जरा सूज आली की चिकटतात,
मग बोट वाकत नाही.
या दीड इंचावर मी तेवीस वर्षं काढली, सोहारला.

अब्बा मिरजेत सतारी करायचे.
त्यांचे पणजोबा तलवारींना धार लावत,
शिकलगार हे आडनाव तिथलंच.
तार चढवताना अब्बा खुंटीकडे बघत नसत, भिंतीकडे बघत.
किती ताणायची ते कळतं कसं?
म्हणाले, तुटायच्या आधी ती सांगते.
हे वाक्य मी एकदा शोधनिबंधात घातलं होतं.
संपादकांनी त्याऐवजी न्यूटनमध्ये आकडा मागितला.
दिला.
शेळीच्या पायातल्या एकशे बारा कंडरा.
सुलेमान खाटीक शुक्रवार सोडून रोज पिशवी ठेवून जायचा
विभागाच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्याशेजारी,
आणि दही माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

हात येत राहिले.
मासळीबाजारातला सुरा, कारखान्यातला पत्रा, ईदचा फटाका.
एकदा उंटाचा चावा; मालक उंटाचीच बाजू घेत होता.
बागेतला खलफान सात महिने संधिवाताच्या गोळ्या खाऊन आला,
सांध्यात खजुराचा काटा, एक्स-रेला न दिसणारा.
काढल्यावर तो म्हणाला, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.
त्यावर मी तीन पानं लिहिली.
माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच.

पण मोठं काम टापू दोनचं.
दोनशे चौदा माणसं, माझा टाका, शायनीच्या पट्ट्या.
सहा आठवड्यांनी एकशे अठ्ठ्याऐंशी परत आली,
सहा महिन्यांनी एकसष्ट.
बाकीच्यांपुढे तक्त्यात लिहायचं असतं : संपर्क तुटला.
तुटला नव्हता. तोडला होता.
परवाना संपला, ठेका संपला, तिकीट कंपनीने काढलं.
एकाला मी विमानतळावर पाहिलं, मस्कतला परिषदेला जाताना.
पट्टीतला हात पोटाशी धरून रांगेत उभा.
हातावर पोट, हे शायनीला मराठीतून मल्याळीत सांगताना
मला पुढचा शब्द सुचला नाही.

मग आम्ही फोन करायला लागलो, रात्री नवानंतर.
मूठ आवळा, व्हिडिओ पाठवा.
मुठ्ठी, मुठो, मुठी, मुष्टी –
चार देशांत एवढा एक शब्द तरी ओळखीचा निघाला.
एक्केचाळीस व्हिडिओ आले.
एकात अंधार आणि पाण्याचा आवाज, हात दिसतच नाही.
एकात मुलगी त्याची बोटं मोजतेय, चुकतेय, पुन्हा मोजतेय.
एकात अनामिका ताठ. मी कोन मोजला. शून्य. माझा टाका.

आणि सिल्हेटचा मोतालिब.
सुंदर मूठ, नखं तळव्यात रुतलेली,
पाच वेळा उघडली, पाच वेळा मिटली,
खाली निरोप : मॅडम, पूर्ण बरा आहे, कंपनीला सांगा.
हात डावा होता.
मी शिवला तो उजवा.

परीक्षक विचारतात, एक ओळ रिकामी का?
संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, काढून टाका, निष्कर्ष बदलत नाही.
बरोबर आहे त्याचं, बदलत नाही.
निबंध अजून माझ्याकडेच आहे.
काल पुन्हा तो व्हिडिओ लावला, आवाज बंद करून,
भिंतीकडे बघत.